मधमाश्यांच्या दारातला पंखा

वैशाखातली दुपार कलती झाली की सातेरी मधमाश्यांच्या घराच्या तोंडाशी एक देखावा हमखास दिसतो. एरवी जिथून दोन-चार माश्या ये-जा करीत असतात, तिथे माश्यांचा एक घोसच्या घोस बाहेर येऊन लटकतो. एकीच्या पायाला दुसरीचा पाय, दुसरीला तिसरीचा. पाहता पाहता दाराखाली दाढी लोंबावी तसा तो घोस लोंबू लागतो. दाढीच्या वरच्या अंगाला, अगदी उंबरठ्यावर, काही माश्या मात्र लटकत नाहीत. त्या पाय रोवून, अंग किंचित वाकवून एका जागी उभ्या असतात आणि पंख इतक्या वेगाने हलवीत असतात की पंख दिसतच नाहीत, नुसती धूसर झाक दिसते. जवळ कान नेला तर एकसुरी घुमणारा आवाज ऐकू येतो.

खेड्यातल्या घराच्या भिंतीत, आंब्याच्या ढोलीत किंवा मधपेटीच्या दाराशी आपण पुष्कळांनी हे पाहिले असेल. शहरात पाहायचे तर पुण्याच्या कसबा पेठेत जावे. पुण्याची ही सर्वांत जुनी वस्ती. जुना वाडा म्हणजे खाली घडीव दगडाचे जोते, वर विटा-मातीच्या हात-दीड हात रुंदीच्या भिंती, तुळयांच्या टोकाशी राहिलेल्या फटी, बुजवलेले कोनाडे. माणसाला ज्या भिंती उन्हाळ्यात थंड वाटतात त्याच सातेरीलाही पसंत पडतात. आग्या माशी उघड्यावर, उंच फांदीला किंवा पुलाच्या कमानीला एकच मोठे पोळे लटकवते. सातेरीला अंधार लागतो, आडोसा लागतो आणि बोटभर रुंदीचे एक दार लागते. आत ती एकाशेजारी एक अशी सात-आठ समांतर पोळी लावते. तिचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात.

तर अशा भिंतीवर उन्हाळ्यात दाढी लोंबली की वाड्यात धांदल उडते. कोणी म्हणतो, "चवताळल्यात, आता फोडून काढणार!" कोणी म्हणतो, "उठल्या, चालल्या!" आणि कोणीतरी टेंभा पेटवायला निघतो. पुष्कळ मोहोळे अशी निव्वळ गैरसमजापायी जळतात. त्या माश्या चिडलेल्या नसतात आणि पळूनही निघालेल्या नसतात. घरातली माणसे उकाड्याच्या रात्री खाटा अंगणात काढतात, तसेच त्यांचे चाललेले असते.

आत काय चालले आहे ते आधी पाहू. पोळ्याच्या मधल्या भागात अंडी, अळ्या आणि कोष असतात. त्यांना चौतीस-पस्तीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. ही ऊब घसरली तर पिले रेंगाळतात आणि फार वाढली तर दगावतात. दुसरे संकट मेणाचे. मेण वितळते साठ अंशांच्या पुढे, परंतु चाळिशीच्या आसपासच ते मऊ पडू लागते. मधाने जड झालेले पोळे अशा वेळी स्वतःच्या भाराने तुटून खाली येऊ शकते. त्यातून प्रत्येक माशी स्वतःच एक छोटीशी शेगडी आहे. हजारो माश्या एका पोकळीत दाटीने बसल्या की बाहेरच्या उन्हाशिवायही आत उकडते. म्हणून ज्यांना आत काम नाही त्या बाहेर येऊन लटकतात. गर्दी कमी होते, आतली उष्णता घटते आणि पोळ्यांमधल्या गल्ल्या वाऱ्याला मोकळ्या होतात. दाढीचा अर्थ एवढाच. आता राहिला उंबरठ्यावरचा पंखा. त्याचा अर्थ लागायला मात्र माणसाला फार दिवस लागले, आणि माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकाला या विषयात रस वाटतो तो त्यासाठीच.

प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांनी मधमाशी पुष्कळ पाहिली होती. ॲरिस्टॉटलने तिच्याविषयी विस्ताराने लिहिले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हर्जिल या रोमन कवीने शेतीवरच्या आपल्या काव्याचा अखेरचा, चौथा भाग सगळा मधमाश्यांना दिला. त्याचा सल्ला आजही बिनचूक आहे: माश्यांच्या दारावर झाडाची सावली असावी, जवळ पाणी असावे आणि पाण्यात दगड व काटक्या आडव्या टाकाव्यात, म्हणजे माशीला टेकायला जागा मिळते. पण हेच लोक वसाहतीच्या राणीला राजा समजत, आणि वाऱ्यात तोल सावरायला माशी पायांत खडे धरून उडते असेही खुशाल लिहीत. त्यांचे काय करावे हे ज्ञान अनुभवाचे होते. असे का होते ते पाहायला कोणी दाराशी ठाण मांडून बसले नव्हते.

ते बसले दोघे जण, जिनेव्हाजवळ, अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्यांतला एक आंधळा होता. फ्रान्स्वा ह्यूबर हा १७५० साली जन्मलेला गृहस्थ. तरुणपणीच त्याची दृष्टी गेली. परंतु जिज्ञासा गेली नाही. फ्रान्स्वा ब्यूर्नां नावाचा त्याचा नोकर होता. ह्यूबरने प्रश्न काढावा, प्रयोग योजावा. ब्यूर्नांने तासन् तास मधपेटीपुढे बसून जे दिसेल ते सांगावे. ह्यूबरने पुन्हा उलटतपासणी करावी, असा त्यांचा क्रम. शिक्षक मित्रांनो, निरीक्षण म्हणजे नुसते डोळे असणे नव्हे, हे वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १७९२ साली निघाला. त्या वेळी आपल्या शनिवारवाड्यात सवाई माधवराव पेशवे होते आणि कारभार नाना फडणिसांच्या हाती होता. दुसरा भाग निघाला १८१४ साली, दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत, पेशवाई बुडायला चारच वर्षे उरली असताना. माश्यांच्या श्वासाचे आणि पंख्याचे प्रकरण या दुसऱ्या भागात आहे.

ह्यूबरचा प्रश्न साधा होता. हजारो जीव एका बंद पेटीत राहतात, दार एकच आणि तेही बोटभर. मग ते गुदमरून का मरत नाहीत? त्याने पेटीएवढे काचेचे भांडे घेतले, त्याला तेवढेच लहान तोंड ठेवले आणि आत मेणबत्ती लावली. काही मिनिटांत ती विझली. म्हणजे नुसत्या भोकातून हवा आपोआप पुरेशी खेळत नाही. मग त्याने पत्र्याच्या पात्यांचा एक कृत्रिम पंखा बसवून फिरवला. आता मेणबत्ती जळत राहिली. मधपेटीतली हवा तपासली तर ती बाहेरच्या हवेइतकीच जवळजवळ शुद्ध निघाली. दाराशी त्याने दोऱ्याला कागद, पीस असल्या हलक्या वस्तू टांगल्या, तेव्हा माश्या पंख हलवीत असताना त्या मागेपुढे झुलू लागल्या. उंबरठ्यावरच्या माश्या वारा घालतात आणि त्या वाऱ्यावर सगळी वसाहत जगते, हे असे सिद्ध झाले. यांतला मेणबत्तीचा प्रयोग शाळेत सहज करता येतो. एक मोठी काचेची बरणी, मेणबत्तीचा तुकडा आणि तोंडावर लहान भोक पाडलेला पत्रा एवढे साहित्य पुरे. मुलांना आधी अंदाज करायला सांगावा, मग मेणबत्ती लावावी.

ह्यूबरने हवेचे कोडे सोडवले. परंतु नुसत्या हवेने भागत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. बाहेरची हवाच तापलेली असेल तर पंखा गरम वाराच अंगावर आणतो. मग आपण काय करतो? वाळ्याचा पडदा दाराला लावतो आणि त्यावर पाणी मारतो. माठ पाझरतो म्हणून त्यातले पाणी गार होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ती आजूबाजूच्या वस्तूंतून ओढून घेतली जाते. मधमाशी हेच करते. कामकरी माश्या पोटातल्या मधाच्या पिशवीत पाणी भरून आणतात. आतल्या माश्या ते पोळ्याच्या घरांच्या कडांवर, अळ्यांच्या वर बारीक थेंबांनी पसरतात. काही जणी तर जिभेवर पाण्याचा पातळ पडदा ताणून तो पुन्हा पुन्हा आतबाहेर करतात. वर उंबरठ्यावरचा पंखा चालूच असतो. ओला पडदा आणि वारा, दोन्ही एका घरात.

ही गोष्ट मोजून दाखवली मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने. माश्यांच्या नाचाची भाषा उलगडणारे आणि १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे कार्ल फॉन फ्रिश यांचा हा शिष्य. त्याने इटलीच्या दक्षिणेस, सालेर्नोजवळ, ज्वालामुखीच्या थिजलेल्या काळ्या लाव्हावर रणरणत्या उन्हात मधपेटी ठेवली. तिथले तापमान सत्तर अंशांपर्यंत चढले. पेटीच्या आत मात्र पारा पस्तिशीच्या आसपास राहिला. अट एकच: माश्यांना हवे तेवढे पाणी आणता आले पाहिजे. लिंडाउअरने आपले हे संशोधन १९५४ साली प्रसिद्ध केले.

त्याने दुसरीही एक गोष्ट पाहिली, आणि मला ती पहिलीपेक्षाही मोलाची वाटते. पाणी आणणारी माशी दाराशी उतरते. तिला आत किती उकडते आहे याची कल्पना कशी येणार? ती कळते पाणी उतरवून घेणाऱ्या माश्यांवरून. आत निकड असली की आलेल्या पाणक्या माशीवर दोघी-तिघी तुटून पडतात आणि मिनिटाच्या आत तिचा भार रिकामा करतात. मग ती लगेच परत जाते, नाचून इतरांनाही पाण्याकडे पाठवते. आत गारवा झाला की तिला कोणी विचारीत नाही. गिऱ्हाईक शोधत ती दोन-तीन मिनिटे हिंडते आणि पुढे फेऱ्याच थांबवते. मंडईत भाजी घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला बाजाराचा कल असाच तर समजतो. कोणी हुकूम सोडत नाही, पण मागणी दारापर्यंत पोहोचते.

कसब्यातल्या माश्यांना पाणी कुठून मिळे, हा प्रश्न इथे माझ्या मनात येतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ बांधून पुण्यात पाणी आणले आणि ठिकठिकाणी हौद बांधले. उघडे हौद, त्यांच्या ओल्या शेवाळलेल्या कडा, बाजूला सांडलेले पाणी. माशीला खोल पाणी नको असते, अशी ओली कडच हवी असते. आज हौद बहुतेक गेले आणि घरोघर बंद नळ आले. म्हणून माश्या गळक्या नळाशी, कुंड्यांच्या ताटल्यांशी, नाहीतर गटाराच्या काठी दिसतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आतापर्यंत सांगितलेले सगळे संशोधन युरोपातल्या मधमाशीवर झालेले आहे. त्या माशीला आपण युरोपीय किंवा मेलिफेरा माशी म्हणतो. भारतात ती चांगली रुजली ती १९६२ नंतर, आणि तीही प्रथम उत्तरेकडे, त्या वेळच्या पंजाबातल्या नगरोटा येथे. आपल्या भिंतीतली सातेरी ही तिची बहीण खरी, पण वेगळ्या जातीची. आणि गंमत अशी, की दारातला पंखा दोघी उलट्या दिशेने चालवतात.

युरोपीय माशी वारा घालताना तोंड घराकडे करून उभी राहते. पंखांचा झोत शेपटीकडे जातो, म्हणजे बाहेर. ती आतली गरम हवा ओढून बाहेर टाकते. सातेरी तोंड बाहेर करून उभी राहते, शेपूट दाराकडे. तिचा झोत घरात शिरतो. ती बाहेरची हवा आत लोटते. कसब्याच्या तांबट आळीत भात्यावर बसलेला माणूस ज्यांनी पाहिला असेल त्यांच्या हे चटकन ध्यानात येईल: भाता हवा आत रेटतो, धुराडे हवा बाहेर ओढते. सातेरीने भात्याची रीत धरली, तिच्या युरोपीय बहिणीने धुराड्याची. एका दिशेने हवा शिरली की दुसऱ्या वाटेने तिला निघावेच लागते, तेव्हा दोन्ही रीतींनी घर निवते. परंतु परदेशी पुस्तक पुढे ठेवून कोणी फळ्यावर चित्र काढले आणि "मधमाशी घराकडे तोंड करून वारा घालते" असे शिकवले, तर शाळेच्याच भिंतीतली सातेरी त्याला खोटे पाडील.

हा फरक डोळ्यांनी पाहायला दुर्बीण लागत नाही. चार-पाच हातांवर, दाराच्या समोर नव्हे तर बाजूला उभे राहावे. समोर उभे राहिले की माश्यांची वाट अडते आणि मग डंखाला निमंत्रण मिळते. दुपारी दोन ते चार ही वेळ चांगली. उंबरठ्यावर पंख हलवणाऱ्या माश्यांची डोकी कोणीकडे आहेत ते पाहावे. मात्र एक सावधगिरी. कधीकधी माशी शेपूट उंच उचलून, टोकाशी एक फिकट पट्टी उघडी करून पंख हलवते. तो गारव्यासाठी घातलेला वारा नव्हे; ती आपल्या वासाने वाट चुकलेल्या बहिणींना बोलावीत असते. पंख तेच, हेतू निराळा.

अलीकडे २०१९ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी युरोपीय माश्यांच्या दाराशी जागोजागची हवा आणि उष्णता मोजली. जिथून गरम हवा बाहेर येते तिथेच माश्या जमून वारा घालतात आणि दाराचा उरलेला भाग गार हवा शिरायला मोकळा राहतो, असे आढळले. दार एकच, पण जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी. वाटणी कोणी करून दिलेली नसते. प्रत्येक माशी आपल्या अंगाला लागणारी ऊब तेवढी ओळखते.

आपल्याकडे या माशीचा पद्धतशीर अभ्यास उशिरा सुरू झाला, पण सुरू झाला तो गावच्या धंद्याच्या ओढीने. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याच्या उद्योगांत मधमाशीपालनही आले. दक्षिणेत न्यूटन नावाच्या एका पाद्र्याने त्याआधीच सातेरीच्या मानाने लहान पेटी तयार केली होती. १९४६ च्या सुमारास महाबळेश्वरात सरकारी ग्रामोद्योग समितीने हे काम हाती घेतले. जांभूळ, हिरडा, गेळा आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी यांचा मध पेट्यांत येऊ लागला. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था उभी राहिली. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे गाव तर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. मधल्या काळात सातेरीवर मोठे संकट येऊन गेले. १९९१-९२ पासून अळ्यांना होणाऱ्या एका विषाणूच्या रोगाने दक्षिण भारतातल्या तिच्या बहुसंख्य वसाहती बसल्या.

शेतकरी बांधवांना इथे कामाचे दोन शब्द सांगायला हवेत. महाबळेश्वरच्या हवेत जी पेटी उघड्यावर चालते, ती देशावर किंवा विदर्भात चैत्र-वैशाखात तशीच ठेवली तर माश्या सोसतात, सोसतात आणि एक दिवस पेटी रिकामी सापडते. सातेरी युरोपीय माशीपेक्षा या बाबतीत फार मानी. ऊन, पाण्याचा तुटवडा आणि फुलांचा दुष्काळ एकत्र आले की ती घरदार टाकून निघून जाते. दाढी लोंबणे म्हणजे हे जाणे नव्हे. दाढी दुपारी-संध्याकाळी दिसते, शांत असते आणि रात्री गारवा पडला की आत जाते. सकाळी माश्या नेहमीसारख्या परागाच्या पायगोळ्या घेऊन येताना दिसतात. खरोखर निघायच्या बेतात असलेल्या वसाहतीत पराग येणे थांबते, पोळ्यांत अंडी-अळ्या उरत नाहीत आणि मधाचा साठा संपत आलेला असतो. तेव्हा दाढी दिसली तर घाबरू नये. पण ती सूचना समजावी. पेटी झाडाच्या सावलीत न्यावी. मात्र एकदम लांब हलवू नये, नाहीतर बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागी येऊन घिरट्या घालतात. छपरावर ओले गोणपाट टाकावे. पसरट परळात पाणी ठेवून त्यात खडे आणि काटक्या घालाव्यात आणि परळ एक दिवसही कोरडा पडू देऊ नये. दाढीवर पाणी ओतू नये, धूर तर मुळीच करू नये.

कसब्यातल्या भिंतींचे काय? १९६१ च्या बारा जुलैला पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे मातीला मिळाले. त्या पडलेल्या भिंतींतल्या सातेरीची मोजदाद कोण करणार? आता पूर नसला तरी वाडे पाडून इमारती उठत आहेत, आणि भिंत उतरवताना मजुरांच्या पहारीला मध लागतो. अशा वेळी टेंभ्याऐवजी जाणत्या मधपाळाला बोलवावे. तो विटा हलक्या हाताने काढतो, अंडी-अळ्यांची पोळी सुरीने कापून पेटीच्या चौकटीत बसवतो आणि केळीच्या सोपटाने बांधतो. राणी सापडून पेटीत गेली की बाकीच्या माश्या तिच्यामागे येतात. संध्याकाळपर्यंत पेटी त्याच जागी ठेवावी लागते, शेवटची माशी घरी येईतो. मग अंधारात दार बंद करून ती चांगली दूर नेतात. दोन-चार दिवसांत माश्या सोपटाच्या गाठी कुरतडून बाहेर टाकू लागतात, म्हणजे पोळी चौकटीला चिकटली असे समजावे. आणि पुढच्या एखाद्या तापलेल्या दुपारी नव्या पेटीच्या उंबरठ्यावर त्या उभ्या राहतात, शेपूट दाराकडे आणि तोंड बाहेर करून, भिंतीत असताना राहात तशाच.